मंगळाकडे पडत जाताना

मंगळावर जायचा माझा पहिला प्रयत्न अर्ध्या तासात आटोपला. केप कॅनाव्हरलच्या धावपट्टीवरून यान उचललं, आकाशात मंगळ कुठे आहे ते पाहिलं, नाक तिकडे वळवलं आणि टाकी रिकामी होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं. पृथ्वी मागे पडली तेव्हा जमलं असं वाटलं. मग नकाशा उघडला. माझी कक्षा सूर्याभोवतीचं एक लंबवर्तुळ झाली होती. मंगळ तिच्यापासून कोट्यवधी किलोमीटर दूर होता आणि दूरच राहणार होता. इंधन शून्य. मी सूर्यमालेतला एक नवा, बिनकामाचा लघुग्रह झालो होतो.

ही गोष्ट जून २०२० ची. पुण्यातली खोली सोडून मी भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातल्या आमच्या गावी आलो होतो. दिवसा ऑफिसचं काम, त्यासाठी स्लॅबवर बसून रेंज शोधायची, आणि रात्री ऑर्बिटर. हा अंतराळ-उड्डाणाचा सिम्युलेटर फुकट मिळतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. गावात या दोन गोष्टींची किंमत मोठी असते.

पुस्तकाचं किंवा सिनेमाचं परीक्षण करतात तसं ऑर्बिटरचं परीक्षण करावं असं मला बरेच दिवस वाटत होतं. गेमच्या परीक्षणात ग्राफिक्स, आवाज, किती तास करमणूक होते हे सांगतात. मला विचारायचं आहे ते वेगळं : ही कृती जगाबद्दल काय म्हणते, खरं म्हणते का, आणि कुठे आपल्याला फसवते?

*

ऑर्बिटर मार्टिन श्वायगर या संशोधकाने लिहिला. ते युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये काम करत. पहिली आवृत्ती २००० साली आली, पुढे २००६, २०१० आणि २०१६ च्या आवृत्त्या आल्या. २०२१ मध्ये त्यांनी त्याचा सोर्स कोडही सगळ्यांसाठी खुला केला. एका माणसाने वीस वर्षं सांभाळलेला प्रोग्राम म्हणजे काय, हे कोड लिहून पोट भरणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वीचा कोडही कुणाला ओळखू येत नाही.

यात गोष्ट नाही. गुण नाहीत, पातळ्या नाहीत, शत्रू नाही, शाबासकी नाही. सूर्य, ग्रह, चंद्र, काही तळ आणि काही यानं आहेत, आणि न्यूटनचा नियम आहे. पडद्यावर दोन चौकोनी डिस्प्ले, त्यांत हिरवे-पिवळे आकडे. त्यांचा अर्थ कळला तर पुढे जाता, नाही कळला तर पहिल्या दिवशीचा मी होता. ब्रूस अर्विंग यांचं ‘गो प्ले इन स्पेस’ हे नवशिक्यांसाठीचं पुस्तक नसतं तर मी दुसऱ्याच दिवशी सोडून दिलं असतं.

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ याच घराण्यातला, पण उलट स्वभावाचा. मेक्सिकोतल्या स्क्वाड या कंपनीने २०११ मध्ये तो पहिल्यांदा लोकांपुढे आणला, पूर्ण आवृत्ती २०१५ मध्ये आली. त्यात हिरवी बुटकी माणसं आहेत, रॉकेट आपणच जोडायचं, आणि ते फुटलं की हसू येतं. त्यांचा ग्रह कर्बिन फक्त ६०० किलोमीटर त्रिज्येचा. आपल्या पृथ्वीची त्रिज्या ६,३७१. त्यामुळे पृथ्वीच्या खालच्या कक्षेत राहायला सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो, तर कर्बिनभोवती सुमारे २.३ मध्ये भागतं. कर्बलने विश्व लहान केलं म्हणून चूक स्वस्त झाली. चूक स्वस्त झाली म्हणून लाखो पोरं कक्षा शिकली. ही त्याची मोठी कामगिरी आहे, आणि ती मी हलकी लेखणार नाही. पण कर्बल प्रत्येक अपघातानंतर डोळा मारतो, आणि ऑर्बिटर कधीच मारत नाही. त्याच्यात चुकलात तर काहीच होत नाही. स्फोटसुद्धा नाही. तुम्ही फक्त चुकीच्या कक्षेत फिरत राहता, आकडे शांतपणे बदलत राहतात. ही शांतता सुरुवातीला अपमानास्पद वाटते, पुढे तिचीच सवय होते.

*

आता माझ्या पहिल्या चुकीकडे. मी यानाचं नाक मंगळाकडे का वळवलं? कारण मंगळयानाच्या दिवसांत मी तेच शिकलो होतो. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून मंगळयान निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला ते मंगळाच्या कक्षेत शिरलं, तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांचा होतो. सकाळी कॉलेजात टीव्ही लावला होता. त्या वर्षभरात ऐकलेले आणि वाचलेले शब्द आठवून पाहा : झेप, गरुडझेप, भरारी, गगनाला गवसणी. हे सगळे स्नायूंचे शब्द आहेत. जोर लावायचा, उडी मारायची, पोचायचं.

ऑर्बिटरने पहिल्या महिन्यात हा शब्दसंग्रह मोडून काढला. अंतराळात कुणी उडत नाही. सगळे पडत असतात. कक्षा म्हणजे असं पडणं की जमीन दर वेळी वाकून बाजूला होते. इंजिन काही मिनिटं चालतं आणि पुढचे कित्येक महिने बंद असतं. इंजिनाने करायचं काय, तर आपल्या पडण्याची वाट थोडी बदलायची. पुढच्या यानाला गाठायचं असेल तर ब्रेक मारावा लागतो : वेग कमी केला की यान खालच्या कक्षेत उतरतं, खालची कक्षा लवकर पुरी होते, आणि आपण पुढे जातो. हे वाक्य वाचून समजत नाही. दहा वेळा ॲक्सिलरेटर दाबून समोरचं यान लांब जाताना पाहिलं की समजतं.

आपल्या पाठ्यपुस्तकात ‘मुक्तिवेग’ नावाचा सुंदर शब्द आहे. सेकंदाला ११.२ किलोमीटर. दहावीत तो मी पाठ केला आणि त्यातली मुक्ती खरी मानली. सिम्युलेटरमध्ये तो वेग ओलांडला आणि कळलं की पृथ्वीच्या हातून सुटलेला थेट सूर्याच्या हातात जातो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला जवळपास ३० किलोमीटर वेगाने फिरते, तो वेग तुमच्या अंगात असतोच. तुम्ही आयुष्यभर ज्या गतीने धावत होतात ती पहिल्यांदा दिसते. मंगळाकडे नाक करून मी लावलेला सगळा जोर त्या ३० किलोमीटरला तिरका लागला होता, आणि म्हणून वाया गेला होता.

बरोबर वाट १९२५ साली वॉल्टर होमान या जर्मन माणसाने छापून ठेवली आहे. होमान एसेन शहरात नगरपालिकेच्या नोकरीत असलेले स्थापत्य अभियंता. रॉकेट अंतराळात जायला अजून दोन दशकं होती. त्यांनी हिशोब केला : पृथ्वीच्या कक्षेला एका टोकाला आणि मंगळाच्या कक्षेला दुसऱ्या टोकाला स्पर्श करणारं अर्धं लंबवर्तुळ घ्या. पृथ्वीच्या गतीच्याच दिशेने जोर लावून निघा. सुमारे २५९ दिवसांनी पलीकडे पोचाल. निघताना मंगळ पृथ्वीच्या सुमारे ४४ अंश पुढे हवा. अशी स्थिती सरासरी ७८० दिवसांनी, म्हणजे सव्वीस महिन्यांनी एकदा येते.

या प्रवासातली एक गोष्ट मला कुठल्याही बातमीने सांगितली नव्हती. निघताना यान सूर्याच्या हिशोबात पृथ्वीपेक्षा वेगवान असतं. पण सूर्यापासून दूर जाणं म्हणजे चढ चढणं, वर फेकलेल्या चेंडूसारखा वेग जात राहतो. पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत तो सेकंदाला साडेएकवीस किलोमीटरवर येतो. मंगळ स्वतः चोवीस किलोमीटरने चाललेला असतो. म्हणजे आपण मंगळाला गाठत नाही. आपण त्याच्या वाटेवर, दमलेले, जवळपास थांबल्यासारखे असतो आणि मंगळ मागून येऊन आपल्याला गाठतो. त्या वेळी आपण ज्याला ‘ब्रेक’ म्हणतो तो मंगळाच्या नजरेने ब्रेक असतो. सूर्याच्या नजरेने, मंगळासोबत राहायचं तर आपला वेग वाढायला हवा असतो. एकच ज्वलन, दोन उलटी नावं. हे पहिल्यांदा डोळ्यांसमोर घडलं तेव्हा मी रात्री दोन वाजता स्लॅबवर उभा राहिलो आणि काही वेळ नुसता आकाशाकडे पाहत होतो. चांगल्या कथेच्या शेवटी होतं तसंच काहीतरी झालं होतं.

*

या विषयावर आपल्याकडे सर्वांत जास्त लोकांपर्यंत पोचलेली कलाकृती म्हणजे ‘मिशन मंगल’ हा २०१९ चा हिंदी सिनेमा. त्यातला पुऱ्यांचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. विद्या बालनची तारा शिंदे सांगते की तेल तापलं की गॅस बंद केला तरी उरलेल्या उष्णतेवर पुऱ्या तळल्या जातात, तसंच इंजिन चालू-बंद करत कमी इंधनात मंगळाकडे जाता येईल. प्रसंग गोड आहे, स्वयंपाकघराला विज्ञानात मान मिळतो, टाळ्या पडतात.

पण उपमा चुकीची आहे. कढईतलं तेल गॅस बंद केल्यावर निवत जातं. कक्षेत काही निवत नाही. इंजिन बंद केल्यावर यान ‘उरलेल्या’ जोरावर जात नसतं, ते पडत असतं आणि त्याला जोर लागतच नसतो. शिवाय खरा प्रश्न इंजिन बंद का करायचं हा नव्हता. ते पुन्हा चालू *कुठे* करायचं, हा होता.

हे मला नीट कळावं म्हणून मी सिम्युलेटरमध्ये स्वतःचं मंगळयान केलं. ऑर्बिटरबरोबर येणारं डेल्टा-ग्लायडर हे यान काल्पनिक आहे आणि त्याचं इंजिन अवास्तव कमी इंधन पितं. ऑर्बिटरचं पहिलं खोटं हेच, आणि ते नवशिक्याला आवडतं. पण साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आकडे लिहून आपलं यान बनवता येतं. मी खऱ्या मंगळयानाचे आकडे घातले : एकूण वजन १,३३७ किलो, त्यात इंधन ८५२ किलो, इंजिनाचा जोर ४४० न्यूटन. एवढ्या वजनाला एवढा जोर म्हणजे शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर वेग गाठायला जवळपास दीड मिनिट. आमच्या गावातली जुनी स्कूटरही याहून लवकर पळते.

पीएसएलव्हीने मंगळयानाला जमिनीपासून सुमारे २५० किलोमीटर जवळ आणि साडेतेवीस हजार किलोमीटर दूर अशा लांबट कक्षेत सोडलं होतं. तिथून मंगळाच्या वाटेला लागायला, माझ्या हिशोबाने, हे इंजिन सलग तासभर चालावं लागतं. पण जोर लावण्याची योग्य जागा म्हणजे पृथ्वीच्या सगळ्यांत जवळचा बिंदू, उपभू. तिथे वेग सर्वांत जास्त असतो आणि तेवढ्याच इंधनातून जास्त ऊर्जा मिळते. हर्मन ओबर्थच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम झोक्यावर बसलेल्या कुठल्याही मुलाला माहीत असतो : रेटा द्यायचा तो झोका खालून जाताना. यान उपभूपाशी काही मिनिटंच असतं. तासभर इंजिन चालवलं तर बहुतेक इंधन चुकीच्या जागी जळतं. म्हणून थोडं जाळायचं, बंद करायचं, पूर्ण फेरी मारून त्याच जागी यायचं, पुन्हा थोडं जाळायचं. मंगळयानाने जवळपास महिनाभर हेच केलं आणि १ डिसेंबर २०१३ च्या मध्यरात्रीनंतर सुमारे बावीस मिनिटांच्या शेवटच्या ज्वलनाने पृथ्वी सोडली.

याला आपल्या भाषेत रोजचा शब्द आहे : हप्ते. मंगळयान हप्त्यांनी गेलं. मोठं रॉकेट हाताशी नव्हतं, म्हणून एकरकमी जाणं शक्य नव्हतं. आणि हप्त्यांचा फायदाही दिसला. ११ नोव्हेंबरच्या ज्वलनात पुरेसा वेग मिळाला नाही. कक्षेचं लांबचं टोक एक लाख किलोमीटरवर न्यायचं होतं, ते ७८ हजारांवर अडकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पूरक ज्वलन करून ते १ लाख १८ हजारांच्या वर नेलं. एका झेपेत सगळं असतं तर चूक दुरुस्त करायला दुसरा दिवस उरला नसता. पुऱ्या तळण्यापेक्षा पतपेढीच्या कर्जाची उपमा इथे जास्त बसली असती. पण कर्जावर टाळ्या पडत नाहीत.

*

मराठी कथेत हे सगळं कुठे आहे? शाळेच्या ग्रंथालयात मी जे वाचलं त्यात भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न होता. व्हर्नची १८६५ ची चंद्राची सफर तोफेतून होते. सगळा वेग एका क्षणात, एका बारात. ‘झेप’ या कल्पनेचं ते सर्वांत शुद्ध रूप, आणि मला वाटतं आपली वर्तमानपत्री भाषा अजून त्याच तोफेत बसलेली आहे. मग जयंत नारळीकर वाचले. त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. ही आठवण आम्हा विज्ञानवेड्या पोरांत दंतकथेसारखी फिरायची. नारळीकरांच्या कथेत गणित पक्कं असतं, पण प्रश्न बहुतेकदा मोठे असतात : परग्रहावरचा संदेश, काळ, संस्कृतीचा शेवट. ‘प्रेषित’मध्ये तर प्रवासी तिकडून इकडे येतो. प्रवासाचं स्वतःचं काम, म्हणजे इंधनाचा हिशोब, वाट पाहणं, दुरुस्ती, हे ओळी-दोन ओळींत उरकतं.

हा दोष म्हणून सांगत नाही. कथेला माणसं लागतात, आणि दोनशे दिवस बंद असलेलं इंजिन हे पात्र होऊ शकत नाही. पण ऑर्बिटरमध्ये तेच पात्र आहे. कथेने जे गाळलं नेमकं तेवढंच श्वायगरनी ठेवलं. म्हणून मी त्याला अंतराळ-साहित्याचा भाग मानतो. शेतीवरच्या कादंबरीत नांगरणी गाळली तर चालेल का, हा प्रश्न आपण विचारतो. मंगळावरच्या गोष्टीतही विचारायला हवा.

*

आणि तरीही ऑर्बिटर एका ठिकाणी धडधडीत खोटं बोलतो. त्याचं सर्वांत मोठं खोटं म्हणजे कीबोर्डवरची काळ पळवण्याची कळ. दहापट, शंभरपट, लाखपट. लाखपटीवर आठ महिने चार मिनिटांत जातात. एके रात्री माझे बाबा मागे उभे राहून पाहत होते. पृथ्वी सोडली, कळ दाबली, मंगळ आला.

‘‘आठ महिने झाले?’’

‘‘हो.’’

‘‘एवढ्यात?’’ एवढं म्हणून ते झोपायला गेले.

मला ते लागलं. दुसऱ्याच आठवड्यात खरी खिडकी उघडत होती : जुलै २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीचं होप, चीनचं त्यानवेन-१ आणि अमेरिकेचं पर्सिव्हिअरन्स अशी तीन यानं मंगळाकडे निघाली. युरोप-रशियाचा रोव्हर तयार झाला नाही म्हणून त्याच वर्षी राहिला होता. मी ठरवलं, आपणही याच खिडकीतून जायचं आणि काळ पळवायचा नाही. लॅपटॉप सात महिने चालू ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून नियम केला : दर रविवारी संध्याकाळी ऑर्बिटर उघडायचा, यान त्या दिवसाच्या तारखेपर्यंत आणायचं, आकडे पाहायचे, बंद करायचं. यान माझंच, ४४० न्यूटनवालं. आणि दुसरा नियम : जुनी सेव्ह केलेली फाइल कधीही उघडायची नाही.

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी हप्त्यांनी कक्षा वाढवत होतो, तेव्हा शेतात रोवणी चालू होती. पऱ्हे तीन-चार आठवड्यांचे झाले की रोवायला लागतात, उशीर झाला की फुटवे कमी येतात. बाबांना प्रक्षेपणाची खिडकी समजावून सांगताना मी रोवणीचं उदाहरण दिलं आणि स्वतःवरच खूश झालो. बाबा म्हणाले, ‘‘तुमची सव्वीस महिन्यांनं येते. आमची वर्षानं. पन मधात खा लागते ना.’’ उपमा तिथेच पांगळी झाली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी पृथ्वी सोडली. ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला पूर आला. भंडारा शहरापासून खाली गडचिरोलीपर्यंत नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. आमचं घर उंचावर होतं, पण नदीकडच्या दोन बांध्या पाण्याखाली गेल्या. वीज गेली, रेंज गेली. पाणी उतरलं तेव्हा रोवलेल्या धानावर चिखल बसला होता आणि त्याला कुजलेला वास येत होता. मी त्या रविवारी ऑर्बिटर उघडला नाही, पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी उघडला तर यान जिथे असायला हवं बरोबर तिथेच होतं. कुणी लक्ष दिलं नाही म्हणून त्याचं काही अडलं नव्हतं. मला त्याचा दिलासा वाटला आणि जरा रागही आला.

ऑक्टोबरमध्ये मार्गदुरुस्ती करायची होती. मी चिन्ह उलटं घातलं. वेग कमी करायचा होता तिथे वाढवला. उणे-अधिकची चूक, आमच्या धंद्यात रोजची. एरवी टेस्टमध्ये सापडते, दोन मिनिटांत जाते. इथे आकडा बारकाईने पाहिला तो पुढच्या रविवारी, आणि तोवर यान चुकीच्या वाटेवर सात दिवस पडत होतं. आता चूक फेडायची म्हणजे आधी जाळलेलं रद्द करायला तेवढंच इंधन, आणि मग मूळ दुरुस्ती वेगळी. मंगळापाशी पकडलं जायला जे इंधन राखलं होतं ते यात जाणार होतं.

जेवताना मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘‘मागच्या आठवड्याचं ठेवलं नाई का तू?’’

‘‘ठेवलं आहे. पण उघडायचं नाही असं ठरवलं.’’

‘‘काऊन?’’

मी म्हणालो की खऱ्या प्रवासात मागे जाता येत नाही, म्हणून. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आमाले मांगं जाता येत नाई म्हनून आमी जात नाई. तुले येते ना. मंग काऊन नाई जात?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आज हा लेख लिहितानाही पूर्ण उत्तर नाही. मला वाटलं होतं, मी सिम्युलेटरचं खोटं दुरुस्त करतो आहे. ज्याच्या दोन बांध्या गेल्या त्या माणसाला ते हौशी उपवासासारखं दिसलं. सोय असताना न वापरणं ही चैन आहे. माझ्या चुकीला परिणाम असावा असं मला वाटत होतं, कारण माझ्या रोजच्या आयुष्यात चुकीला परिणाम उरलेला नव्हता. त्यांच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं.

शिवाय मी स्वतःशीही एक हिशोब चुकता करत होतो, हे कबूल करायला हवं. २०१४ च्या त्या सकाळनंतर मला तिरुवनंतपुरमच्या अंतराळ संस्थेत शिकायचं होतं. प्रवेशपरीक्षेत माझा क्रमांक त्या यादीच्या फार खाली आला. नागपूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, नोकरी लागली, बरं चाललं आहे. सहा वर्षांनी सिम्युलेटरमध्ये मी ‘मागे जायचं नाही’ असा नियम करतो, तेव्हा त्यात तत्त्व किती आणि जुनी खिडकी चुकल्याची चुटपुट किती, हे मला वेगळं करता येत नाही. परीक्षण लिहिणाऱ्याने आपलं वजनही काट्यावर ठेवावं, म्हणून सांगितलं.

मी फाइल उघडली नाही. बाबांनीही पुन्हा विचारलं नाही. पण रविवारी ते येऊन बसू लागले. ‘‘किती राह्यलं?’’, ‘‘इंजिन बंदच हाये का?’’ एवढंच.

*

फेब्रुवारी २०२१ मध्ये खरी तिन्ही यानं मंगळावर पोचली : होप ९ तारखेला, त्यानवेन १० ला, आणि १८ ला पर्सिव्हिअरन्स थेट जमिनीवर. माझं यान त्यानंतर काही आठवड्यांनी पोचलं. मंगळयानाने २०१४ मध्ये चोवीस मिनिटं इंजिन चालवून सेकंदाला सुमारे १.१ किलोमीटर वेग कमी केला होता आणि ४२१ गुणिले ७७ हजार किलोमीटरची कक्षा मिळवली होती. त्याआधी ते इंजिन सुमारे तीनशे दिवस बंद होतं. दोन दिवस आधी चार सेकंद चालवून पाहिलं, ते चाललं. त्या चार सेकंदांची किंमत मला आता कळली. माझ्या इंजिनाच्या फाइलमध्ये बिघाड हा शब्दच नाही. ते नेहमी चालू होतं. ऑर्बिटरचं हे तिसरं खोटं.

माझं इंधन ज्वलनाच्या मध्येच संपलं. आकडे थांबले तेव्हा कक्षेचं लांबचं टोक दोन लाख किलोमीटरच्या आसपास होतं. यान पकडलं गेलं होतं, पण जेमतेम. ऑलिंपस तळाजवळून जायचं, पृष्ठभाग जवळून पाहायचा, ते सगळं रद्द. कितीतरी दिवसांनी एकदा काही मिनिटं मंगळ जवळ येणार आणि पुन्हा ठिपका होणार.

पडद्यावर काही झालं नाही. संगीत नाही, ‘अभिनंदन’ नाही. बाबांनी विचारलं, ‘‘पोचलं का?’’ मी म्हणालो, पोचलं, पण जसं हवं होतं तसं नाही. ते म्हणाले, ‘‘होते तसं,’’ आणि बाहेर गेले.

ऑर्बिटरबद्दल माझं मत असं. काळाच्या बाबतीत, बिघाडाच्या बाबतीत आणि चुकीच्या किमतीच्या बाबतीत तो खोटा आहे. गतीच्या बाबतीत मी वाचलेल्या-पाहिलेल्या कुठल्याही कलाकृतीपेक्षा खरा आहे. त्याने मला मंगळावर नेलं असं मी म्हणणार नाही. पण मंगळयान कसं गेलं हे वाचायला त्याने शिकवलं, आणि ज्या शब्दांत ते आपल्याला सांगितलं गेलं ते शब्द अपुरे होते हे दाखवलं. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं ते यान जवळपास आठ वर्षं चाललं. एप्रिल २०२२ मध्ये लांबलेल्या ग्रहणाच्या काळात त्याचा संपर्क तुटला. बातमी आली तेव्हा ‘मंगळयान संपलं’ असं लिहिलेलं वाचलं. संपलं ते बोलणं. यान अजून मंगळाभोवती पडतच आहे.

माझी फाइलही आहे. मधून कधी तरी रविवारी उघडतो, आजच्या तारखेवर आणतो. मागच्या वर्षी त्या दोन बांध्यांत धान बरं झालं. यान कुठे आहे हे बाबा अजून विचारतात.